पाहुण्याचा वेगळा मग

नागपुरात बसून समुद्र पाळणं हा खुळेपणा आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही. तरी लोक सांगतात. शाळेतल्या बाया सांगतात, खालच्या मजल्यावरचे सांगतात, आणि विजेचं बिल आलं की बाबा सांगतात. मी ऐकून घेते आणि टाकीचं पाणी तपासायला जाते.

प्रताप नगरातल्या आमच्या घरात बाबा आणि मी असे दोघंच असतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, बाबा पोस्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या खोलीत, इतरांकडे जिथे टीव्ही असतो, तिथे आमच्याकडे खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. मीठ पाकिटातून येतं, ते गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं. मासे चेन्नईकडून रेल्वेने थर्माकोलच्या खोक्यात येतात. एप्रिल-मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असताना पाणी थंड ठेवणारं यंत्र माशांसाठी चालू असतं. 'मले कूलर, अन् त्यायले एसी,' असं बाबा आल्यागेल्याला सांगतात. ते तक्रार म्हणून सुरू होतं आणि कौतुकात संपतं. दिवसातला निम्मा वेळ ते त्या काचेसमोरच खुर्ची टाकून बसलेले असतात.

ते बसतात ते जोडीसाठी. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. त्यांतली मादी मोठी आणि दांडगी, नर लहानखुरा. आईने ते दुकानात बोट दाखवून निवडले होते, आणि घरी आणल्यावर 'हा तुमच्यासारखाच, बायकोच्या मागं मागं' असं बाबांना म्हणाली होती. तेव्हापासून मादीचं नाव बाईसाहेब आणि नराचं साहेब. आई गेली, जोडी राहिली. बाबा त्यांच्याशी काय बोलतात ते मी कधी ऐकायला गेले नाही. पण मी खोलीत आले की ते बोलायचे थांबतात, एवढं मला माहीत आहे.

मधे एकदा आम्ही एक सुंदर निळा मासा आणला होता. दुकानदार गांधीबागेकडचा, तोंडाचा गोड. 'मॅडम, डायरेक्ट डाल दो टंकी में, कुछ नहीं होता,' म्हणाला. आम्ही डायरेक्ट टाकला. थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले, मग शेजारच्याच्या अंगावर, मग सगळ्यांच्या. रोज सकाळी जाळीने एक मेलेला मासा काढायचा, असे ते दिवस होते. शेवटी टाकीत जोडी तेवढी उरली, तीही कशीबशी. बाबा त्या दिवसांत काचेसमोर बसत नसत. मी तेव्हा ठरवलं, यापुढे या घरात नवा मासा आला तर तो आधी वेगळा राहील. त्याच्या अंगात काही आहे का ते कळल्याशिवाय मोठ्या टाकीत त्याचं शेपूटसुद्धा जाणार नाही. दुकानदार काहीही म्हणो.

यंदा होळी झाल्यावर मी नवा मासा आणला. बोटभर लांबीचा एंजल. अंग जांभळं, पोटाकडे केशरी, आणि डोळ्यांत असा भाव की सगळ्यांनी मिळून याला फसवून इथे आणलंय. मागच्या खोलीत त्याच्यासाठी लहान टाकी मांडली होती. तिच्यात वाळू नाही, दगड नाहीत, कारण रोगाचे जंतू तिथेच लपतात. लपायला त्याला प्लंबरकडे मिळतात तसे पाइपाचे दोन तुकडे दिले होते. हवेचा पंप वेगळा, जाळी वेगळी, हात पुसायचा टॉवेल वेगळा. आणि पाणी काढायला लाल मग, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हा मग मोठ्या टाकीकडे नेऊ नये.'

फळ्यावर लिहायची सवय असल्यामुळे माझं अक्षर खोलीच्या दारातूनही वाचता येतं. बाबांनी ते दारातूनच वाचलं.

'हे काय वं?'

'क्वारंटाइन, बाबा. मागच्या वेळेस काय झालं ते पायलं ना तुम्ही.'

'अन् मग काहून वेगळा?'

'याचं पाणी त्यायच्या पाण्याले लागू नये म्हणून.'

ते पुढच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, पटलं. मी खूश झाले, कारण माझ्या घरात मला फार कमी गोष्टी एका वाक्यात पटवून देता येतात.

आमच्या घरचा एक रिवाज इथे सांगायला हवा. दारात कोणीही येवो, सिलेंडरवाला येवो नाहीतर कलेक्टर, त्याला आधी पाणी द्यायचं, आणि आपण पितो त्याच माठातलं, आपण पितो त्याच गडव्याने. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा नाही. पाहुण्याची ताटली वेगळी नाही. आई साधी होती, पण एकदा शेजारणीने आमच्याकडच्या कामवाल्या बाईंसाठी 'वेगळा कप ठेवत जा' असं सुचवलं, तेव्हा तिने त्या शेजारणीलाच वेगळं ठेवलं, ते कायमचं. हा रिवाज आजोबांपासून आला, धम्मदीक्षा घेतल्यापासूनचा, एवढं मला माहीत होतं. पुढचं मी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. सवयीच्या गोष्टी कोण विचारतं!

पहिला आठवडा एंजल पाइपात बसून राहिला. नंतर तो खायला लागला आणि मी जिंकल्यासारखी फिरायला लागले. मग एका दुपारी शाळेतून आले तर त्याच्या कल्ल्याजवळ तीन-चार पांढरे कण. मी बॅटरी लावून पाहिलं. तेच ते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आनंद झाला. पकडला! पुढच्या खोलीत जाऊन मी बाबांना म्हणाले, 'पायलं? हा जर डायरेक्ट टाकला असता तर?'

बाबांनी जोडीकडे पाहिलं. 'औषध दे त्याले,' एवढंच म्हणाले.

औषध तांब्याचं असतं. कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो, म्हणून रोज संध्याकाळी पाणी तपासायचं. औषधाबरोबर मी दोन्ही टाक्यांचं मीठही मोजत असे. आणि त्या मोजण्यात काहीतरी चुकत होतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, हा नियम. मोठ्या टाकीला ते पाणी आपोआप मिळतं. पण मोठ्या टाकीचं मीठ हळूहळू उतरत होतं, आणि लहान टाकीचं चढत होतं. वर लहान टाकीतलं पाणी कमीच होत नव्हतं. नागपुरात, मार्चअखेर, उघड्या टाकीतलं पाणी कमी होत नाही म्हणजे काय? मी मोजायचं यंत्र धुतलं. मग दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. विज्ञान शिकवणारी बाई म्हणून मी चार शक्यता काढल्या आणि त्या चारही चुकीच्या होत्या.

एका रविवारी सकाळी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि पिशवी विसरले म्हणून परत आले. बाबा मोठ्या टाकीचं झाकण उचलून उभे होते. त्यांनी आपला पाणी प्यायचा स्टीलचा गडवा टाकीत बुडवला, भरला, आणि सांडू नये म्हणून खाली हात धरून मागच्या खोलीत नेला. मी मागोमाग गेले. त्यांनी गडवा लहान टाकीत अलगद बुडवला, मासा दचकू नये म्हणून पाण्याखालीच वाकडा करून रिकामा केला, आणि ओला गडवा तसाच घेऊन वळले, तर समोर मी.

'बाबा! हे केव्हापासून करून राहिले तुम्ही?'

'आला तेव्हापासून,' ते म्हणाले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नाही. 'पाहुण्याले घरचं पाणी देतो रोज सकाळी.'

मी ओरडले. मला ओरडायला फार लागत नाही, पण त्या दिवशी मी आवाजाची हद्द सोडली. तोच गडवा रोज दोन्हीकडे! पाहुण्याच्या पाण्यात बुडालेला गडवा रोज सकाळी जोडीच्या पाण्यात! मगावर लिहिलेलं दिसत नाही का? एवढं मोठं लिहिलंय ते काय भिंतीला दाखवायला? आईचे मासे आहेत ते, मेले तर पुन्हा कुठून आणणार? शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

बाबा तिथल्या पलंगाच्या कडेवर बसले. गडवा त्यांच्या हातातच होता.

'दिसते,' ते म्हणाले. 'तुह्यं लिहिलेलं दिसते मले. रोज वाचतो. आमच्या गावात, मौद्याच्या अलीकडं, फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. आपल्या लोकायचे कप बाहेर खिळ्याले टांगून राहत. आपणच काढाचा, त्यानं वरून चहा वतला का प्याचा, आपणच धुवाचा अन् परत टांगाचा. मी लहान होतो. बापाले विचारलं, हे कप आत काहून नाई ठेवत? त्यानं सांगतलं, ते म्हणतात का स्वच्छतेसाठी आहे.'

मी उभीच होते. त्यांनी ही गोष्ट मला आजवर कधी सांगितली नव्हती. माझ्या वयाची पन्नाशी आली.

'हा रोग आहे, बाबा,' मी म्हणाले. 'खरा रोग. डोळ्यांनी दिसून राहिला त्याच्या अंगावर.'

'मले समजते वं. मी काय अडाणी आहे? डॉक्टरनं वेगळं ठेवाले सांगतलं तर मी बी राहीन. पण डोस्क्याले समजते अन् हाताले नाई समजत. तो तिथं एकटा, त्याचा मग वेगळा. माह्या हातानं आपोआप गडवा घेतला.' मग म्हणाले, 'आमाले कोणी हेबी नाई सांगतलं का कधीपर्यंत. मी रोज वाट पाहो, का उद्या आत घेतील कप.'

मला रडू आलं. मी डोळे तिथेच, त्यांच्यासमोर, पुसले. त्या हॉटेलवाल्याचा, त्या खिळ्याचा, सगळ्या गावाचा मला इतका राग आला की मघाचा राग कुठे गेला कळलंच नाही. पण पुढच्या खोलीत जोडी पोहत होती, आणि रोग कोणाचा इतिहास विचारून अंगावर बसत नाही. मी कामाला लागले.

मार्ग एकच होता. मोठ्या टाकीत दगड आहेत, प्रवाळ आहेत, तिथे तांब्याचं औषध घातलं तर प्रवाळ मरतं. म्हणजे जोडीला बाहेर काढायचं आणि पाहुण्याबरोबर त्याच औषधाच्या पाण्यात ठेवायचं. मोठी टाकी माशांविना रिकामी सोडायची. अंगावर बसायला मासाच मिळाला नाही की जंतू काही आठवड्यांत उपासाने मरतात. मी हे बाबांना समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग उठले, टेबलावरचं पेन घेऊन आले आणि लाल मग माझ्यासमोर धरला.

'मग एक कर. हे लिहिलं ना तू, त्याच्या खाली लिही, कधीपर्यंत.'

मी आठवडे मोजले, चार दिवस जास्तीचे धरले, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हिशेब बरोबर बुद्धपौर्णिमेला येत होता. मी चिकटपट्टीवर लिहिलं: 'बुद्धपौर्णिमेपर्यंत.' बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, जवळून वाचलं, आणि मग मला जाळी आणून दिली.

साहेब लगेच सापडला. बाईसाहेबांनी दगडामागे तळ ठोकला आणि माझ्या हाताला दोनदा चावल्या. बाबा काचेबाहेरून 'इकडून, इकडून' करत होते आणि त्यांच्या सांगण्यामुळेच त्या तिसऱ्यांदा निसटल्या, हे त्यांना आजही मान्य नाही. शेवटी तिघंही लहान टाकीत आले. उघड्या तळाच्या, निळसर औषधाच्या त्या पाण्यात बाईसाहेबांनी आल्या आल्या एका पाइपावर ताबा मिळवला आणि पाहुण्याला हाकललं. मी मध्ये प्लास्टिकची जाळी लावावी म्हणून ती शोधून काढली. बाबा जाळीकडे बघत राहिले. मी जाळी परत ठेवली आणि प्लंबरकडून तिसरा पाइप आणला.

'आता तिघं एकाच पाण्यात,' बाबा म्हणाले. बरं वाटून म्हणाले की वाईट वाटून, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

उशीर झालाच होता. दोन दिवसांनी साहेबाच्या शेपटीवर ठिपके आले, मग पाठीवर. तो खाईना. कोपऱ्यात तिरका होऊन नुसता श्वास घेत राही. त्याच्या भोवती बाईसाहेब फिरत आणि त्याला ढोसत. तेवढ्यापुरता तो सरळ होई. बाबांनी खुर्ची पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणली. मला वाटलं होतं ते मनाला लावून घेतील, अंथरूण धरतील. त्यांनी काम धरलं.

सकाळी मी उठायच्या आत ते बादलीत मीठ मिसळून, ढवळून ठेवत. लाल मगाने जुनं पाणी काढायचं, नवीन घालायचं, हात तिथल्याच टॉवेलला पुसायचे, सगळं त्यांनी माझ्याकडून एकदाच विचारून घेतलं आणि पुन्हा कधी चुकले नाहीत. दुपारी मी शाळेत असताना वीज गेली तर बॅटरीवरचा पंप लावायचा आणि फ्रीजमधली बर्फाची बाटली टाकीत सोडायची, हेही त्यांचंच. वय झालेला माणूस भर उन्हाळ्यात त्या मागच्या खोलीत घाम पुसत बसे. कूलर पुढच्या खोलीत. मी म्हणे, बाबा, पुढे बसा, मी आहे. 'तू शाळा पाय,' एवढंच उत्तर. माझ्या हट्टीपणाचं मूळ कुठे आहे ते मला तेव्हा नव्याने दिसलं.

औषध मी सोडलं नाही. साहेबाचा श्वास बघून मला रोज वाटे की कमी करावं, आणि रोज मी पाणी तपासून पुन्हा तेवढंच ठेवे. ठिपके गेले की लोक औषध थांबवतात आणि तिथेच फसतात, कारण जंतू अंगावरून उतरून तळाशी वाढतात आणि दुप्पट होऊन परत येतात. आमच्याकडेही ठिपके गेले, परत आले, पुन्हा गेले. दुसऱ्यांदा गेले ते आले नाहीत. एका सकाळी बाबांनी मला दात घासताना हाक मारली. मी फेस तोंडात घेऊनच धावले. साहेबाने कोळंबीचा तुकडा तोंडात घेतला होता, थुंकला होता, आणि परत घेतला होता. 'खाल्लं वं,' बाबा म्हणाले. 'तुह्या मायनं पायलं असतं तर.' मला फेसामुळे बोलता येईना, मी जोरजोरात मान हलवली.

त्यानंतर दिवस सोपे गेले. पाहुणा तर खऱ्या अर्थाने घरचा झाला. पाइपांची वाटणी झाली. बाबा खोलीत आले की तो सगळ्यांत आधी वर येई, बाईसाहेबांच्याही आधी. त्याला नाव देऊ म्हटलं तर बाबा नाही म्हणाले. घरात आल्यावर देऊ.

पौर्णिमा जवळ आली आणि मला धास्ती बसली. मासे पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं, तर कोणी म्हणे पुरे झालं, कोणी म्हणे अजून थांबा, एकाने लिहिलं की त्याने असंच घाईने सोडलं आणि सगळे गेले. मी त्या एकाचं तेवढं वाचत राहिले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी मनाशी ठरवलं. अजून थोडे दिवस थांबू. जोडी सोडू आधी, तिची टाकी आहे. एंजलकडूनच रोग आला होता, तो आणखी काही दिवस राहील मागे. काय बिघडतं?

सकाळी बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आले. खिरीचं दूध गॅसवर होतं. मी दूध ढवळत ढवळत, सहज बोलल्यासारखं, त्यांना सांगितलं.

'ठिपके आहेत त्याच्या अंगावर?' बाबांनी विचारलं.

'नाही.'

'किती दिवस झाले?'

'बरेच झाले. पण तरी, बाबा, मले भीती वाटते.'

'तू जे दिवस मोजले होते, ते पुरे झाले का नाई?'

'झाले. जास्तीचे धरले होते तेही झाले.'

'तर मग,' बाबा म्हणाले, आणि ते चिडलेले नव्हते, 'भ्या तुले वाटते अन् बाहेर तो राहील?'

दूध वर आलं. मी गॅस बंद केला. मी उत्तर शोधत होते, आणि मला एकही असं सापडेना की जे त्या फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानेही दिलं नसतं. रोग होता तोवर त्याला वेगळं ठेवणं माझं बरोबर होतं. ते मी आजही कोणाशीही भांडून सांगेन, आणि पुढचा मासा आला की पुन्हा तेच करीन. पण रोग गेला होता. उरली होती ती माझी भीती, आणि तिच्यासाठी मी त्याला बाहेर टांगून ठेवणार होते. मला माझी लाज वाटली.

'चला,' मी म्हणाले.

आधी पाहुणा, असं बाबांनी ठरवलं आणि मी वाद घातला नाही. मी मोठ्या टाकीचं पाणी थोडं थोडं घालून त्याला सवय करून दिली. ते पाणी मला गडव्याने बाबा आणून देत होते, स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या केलेल्या गडव्याने, आणि तेही फक्त मोठ्या टाकीतून इकडे, इकडून तिकडे एक थेंबही नाही. मग मी त्याला जाळीने उचलून मोठ्या टाकीत सोडलं. तो क्षणभर काचेजवळ थांबला. एवढी मोठी जागा, दगड, प्रवाळ, त्याने बहुतेक समुद्रानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मग तो एका कपारीत शिरला. मागून साहेब, मग बाईसाहेब, आणि त्या सोडल्या सोडल्या आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन तिथली शेवाळाची पात झाडून काढायला लागल्या, जणू घर कोणी नीट ठेवलं नव्हतं.

मला हसू आलं, पण भीती गेली नव्हती. पुढचे कित्येक दिवस ती जाणार नव्हती हे मला माहीत होतं. मी रोज सकाळी बॅटरी लावून तिघांची अंगं बघणार होते. ते माझं काम, मी करीन.

बाबा मागच्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी पाहायला गेले. त्यांनी लाल मग साबणाने धुऊन मांडीवर घेतला होता आणि चिकटपट्टी नखाने काढत होते. पट्टी उन्हाळ्यात पक्की बसली होती. अर्धी निघाली होती, अर्ध्यावर अजून माझं अक्षर होतं.

'राहू द्या ना, बाबा,' मी म्हणाले. 'पुढचा मासा आला की लागंलच.'

'पुढच्याले पुढची लाव,' ते मान वर न करता म्हणाले. 'तारखेसकट. पण ह्याची आज निघाली पायजे.'

मी त्यांच्याजवळ बसले आणि दुसऱ्या टोकाकडून खरवडायला लागले.